आईने कौल दिला नाही तेव्हा

माझी देवीवर श्रद्धा आहे, पण त्या दिवशी मी तिच्यावर चांगलीच रुसले होते, हे आधीच सांगून टाकते. आमचं गाव राजापूरपासून बरंच आत, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उंच माळावर. भात कापणीला आलं होतं आणि पावसाने रस्त्याची पार चाळण करून ठेवली होती. माझी लेक शुभा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. राजापूरला तपासायला नेलं तेव्हा कळलं की बाळाची वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आहे. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, शेवटचे आठवडे रत्नागिरीत दवाखान्याजवळ काढायचे आणि तिथवर नेताना हादरे अजिबात बसू द्यायचे नाहीत. आमच्या सड्यावरून गुळगुळीत डांबर उतरत असल्यासारखं त्या सांगत होत्या, आणि मी आपली मान डोलावत होते. रात्री मला झोप कुठली लागायला. भाड्याच्या गाड्या खाली घासतात म्हणून वर यायलाच तयार नसत. राहिली आमची जीप.

ही जीप म्हणजे यांची दुसरी बायको. आंब्याच्या पेट्या, शेणखत, पाहुणे, सगळं तिच्यातूनच आलं-गेलं. मला एक वेळ बोलतील, पण तिला कोणी वावगं बोललेलं खपत नाही. गेले काही महिने खड्डा मागे पडला तरी तिचं बूड आपलं वरखाली डोलतच राहायचं. मी काही बोलले की उत्तर ठरलेलं, "रस्ताच तसा हाय गो, ती बिचारी काय करंल?" दसऱ्याला तिला न्हाऊमाखू घातलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. फक्त खाली वाकून बघितलं नाही. पूजा केलेल्या वस्तूत खोट शोधायची, हे यांच्या मनातच येईना, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी लेकीला जावेजवळ ठेवून आम्ही दोघं जीपने ग्रामदेवीच्या देवळात गेलो. कुठलंही मोठं काम असलं की आमच्याकडे आईचा कौल घेतात. गुरवांनी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने फुलं चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं, की तुझी लेकरं उद्या या गाडीने निघतायत, पोटुशी पोर बरोबर आहे, जावं की नको ते सांग. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आम्ही हात जोडून बसलो. फूल काही पडेना. गुरवांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, तरी दोन्ही फुलं जागच्या जागी. शेवटी ते म्हणाले, "आई काय बोलत नाय. जरा दम धरा, मंग परत इचारू."

मी उठून बाहेर आले. डोळ्यांत पाणी होतं आणि डोक्यात रागही होता. वर्षानुवर्षं ओटी भरली, उपास केले, आणि माझ्या पोरीच्या वेळी हिला एक फूल टाकता येऊ नये? नको म्हणाली असती तर दुसरं काही शोधलं असतं. गप्प बसणाऱ्या देवीशी भांडायचं तरी कसं, असं म्हणत मी पायरीवर बसले.

समोर जीपच्या मागच्या फळीवर एक बाई विसावली होती. वयस्कर, नऊवारी नेसलेली, बाजूला फुलांची टोपली. मला वाटलं, खालच्या वाडीतली असेल. थोड्या वेळाने ती उतरली, आणि उतरल्यावरही जीपचं बूड वरखाली होत राहिलं. तिने वळून फळीवर हात ठेवला, हसली आणि मला म्हणाली, "बाय माजे, मी उतारलंय तरी ही अजून हलतेय. हिला आवरनारा कोन नाय वाटतं." एवढं बोलून टोपली घेऊन ती देवळामागच्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांनी निघून गेली.

हे तोवर दारात येऊन उभे होते. त्यांनी ते पाहिलं होतं. ते जीपच्या मागे गेले, उजव्या कोपऱ्यावर सगळा भार टाकून दाबलं आणि सोडलं. जीप वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. डाव्या कोपऱ्यावर तसंच केलं, तर ती एकदा वर आली आणि गप्प राहिली. मग ते धुळीत उताणे पडून गाडीखाली शिरले. स्प्रिंगचे पाटे उसळले की त्यांना आवरायला चाकाजवळ जी नळकांडी असते, तिला आमच्याकडे शॉकअप म्हणतात. खड्ड्यांतून आल्यावर चांगला शॉकअप तापतो, कारण धक्के तो स्वतः खातो. यांनी दोन्हींना हात लावून पाहिला. डावा कोमट होता. उजवा गार, आणि त्याच्या अंगावर तेल गळून लाल मातीचा थर बसला होता. बाहेर आले तेव्हा यांचा चेहरा बघवेना. "उद्या हिच्यात पोरीला बसवनार हुतो मी," एवढंच म्हणाले.

गुरव पुन्हा कौल लावायला तयार होते. हे म्हणाले, "नको. आईचं सांगून झालंय." टोपलीवाल्या बाईची मी चौकशी केली. गुरवांना वाटलं होतं, ती आमच्याबरोबर आली. खालच्या वाडीतही कोणी ओळखलं नाही. कुणाची पाहुणी असेल. मी त्याचा फार विचार करत नाही, तिचं बोलणं मात्र विसरत नाही.

त्याच दिवशी हे रिकामी जीप हळूहळू चालवत राजापूरला गेले आणि मागचे दोन्ही शॉकअप नवे बसवून आले. काढलेला उजवा घरी आणून मला दाखवला. हाताने दाबला तर विनातक्रार आत गेला आणि तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. यांनी गाडी अशी चालवली की बैलगाडीने पुढे जावं. प्रत्येक खड्ड्याला मी डोळे मिटत होते आणि प्रत्येक वेळी जीप एकदा दबून शांत होत होती. शुभा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. त्या रस्त्यावर कोणी झोपलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

पुढे नात सुखरूप झाली. तरी माझ्या मनात घर करून राहिलाय तो दवाखान्याच्या आवारातला क्षण. शुभाला आत पोचवून मी बाहेर आले, तर हे जीपच्या मागे उकिडवे बसलेले. मला खुणेने बोलावलं, माझा हात धरून आधी एका शॉकअपवर ठेवला, मग दुसऱ्यावर. दोन्ही चांगलेच तापले होते. माझ्या लेकीपर्यंत जे हादरे पोचले नाहीत, ते सगळे त्या उबेत होते. यांच्या डोळ्यांना धार लागली होती, माझ्याही.

देवीवर भार टाकणं म्हणजे डोळे मिटून बसणं, असं मला तोवर वाटायचं. आता आपल्या हातचं आधी करते आणि उरलेलं तिच्या पायाशी ठेवते. त्या दिवशी आवारात ग्रीस आणि धूळ लागलेले हात मी तसेच गावाच्या दिशेने जोडले. धुवावेत असं मनातही आलं नाही.