थर्मन गेबहार्टची कॅमशाफ्ट

माझा मेहुणा थर्मन गेबहार्ट यानं आयुष्यभर शाळेची बस चालवली. इतकी वर्षं हळू चालवल्यामुळे की काय, निवृत्त होताच त्यानं एकोणसत्तर सालची, रागावलेल्या बैलासारखी दिसणारी मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची जुनी गाडी, घेतली. आमच्या ओहायोत अशा गाड्यांचे लाड पोरांपेक्षा जास्त होतात. थर्मनच्या मते तिच्यात दोष एकच होता. आवाज सभ्य होता.

"दाजी, ही गाडी आहे की शिवणयंत्र?" तो मला म्हणाला. "नुसती उभी असली तरी शेजाऱ्यांच्या कपबश्या हलल्या पाहिजेत!"

त्यासाठी कॅमशाफ्ट बदलायची. इंजिनाच्या पोटात फिरणाऱ्या या दांड्यावर फुगवटे असतात. त्यांच्या जोरावर रॉकर आर्म नावाच्या आखूड तरफा हलतात आणि व्हॉल्व्ह उघडतात. फुगवटा दांडगा तर आवाज दांडगा, एवढं थर्मनला ठाऊक होतं आणि त्याच्या मते ते भरपूर होतं.

त्यानं सुट्या भागांच्या दुकानात फोन लावला. तिथल्या डार्लाबाईंनी विचारलं, "गाडी कशासाठी वापरता?"

"शर्यतीत पळवतो," थर्मननं ठोकून दिलं.

स्वयंपाकघरातून त्याची बायको नोरीन ओरडली, "कसली शर्यत रे? काल पोस्टाच्या गाडीनं मागं टाकलं तुला!"

थर्मननं फोनवर हात दाबून धरला. "ब्रेकला बूस्टर आहे?" डार्लाबाईंनी विचारलं.

"शर्यतीत ब्रेक कोण लावतं?"

डार्लाबाईंनी मागणी लिहून घेतली. दांडगी कॅमशाफ्ट आली. रॉकर आर्म थर्मननं जुन्या सामानाच्या बाजारातून उचलले, कारण ते निळे होते आणि गाडीच्या सीटाही निळ्या होत्या. बनवणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं. मी तसं म्हटलं, तर म्हणाला, "दाजी, रंग तर बघा!"

गाडी सुरू झाली आणि कपबश्या खरंच हलल्या. थर्मनच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक आली. मिरवणुकीसाठी निवडलेली यंदाची मक्याची राणी होती आमची ऐंशी वर्षांची आयडेला मावशी. मुकुट घालून ती मागच्या सीटवर बसली, पुढं थर्मनच्या शेजारी मी. मिरवणूक चालते पायी चालणाऱ्याच्या वेगानं, आणि त्या वेगात ही गाडी एक तर बंद पडायची, नाहीतर उडी मारायची. शिवाय ब्रेक हलका करणारा बूस्टर चालतो इंजिन हवा ओढतं त्या जोरावर, आणि हळू चालताना या कॅमशाफ्टमुळे तो जोरच उरत नव्हता. ब्रेकचं पेडल दगड झालं.

"थर्मन, ब्रेक!"

"दोन्ही पायांनी दाबतोय, दाजी!"

आम्ही बँडमध्ये शिरलो. ट्रॉम्बोनवाले दोन्हीकडं पांगले. महापौरांचा ट्रॅक्टर मागं पडला. मावशी मात्र दोन्ही बाजूंना शांतपणे हात हलवत होती. अखेर इंजिनात काहीतरी कडकडलं आणि गाडी चर्चनं मांडलेल्या गोड पदार्थांच्या टेबलासमोर आपसूक थांबली. मिरवणूक येईपर्यंत आमची रूबार्बच्या आंबटगोड देठांची 'पाय' ही भाजलेली मिठाई खाऊन झाली होती.

"थर्मन, पुन्हा एकदा!" मावशी म्हणाली.

घरी इंजिनाचं झाकण उघडलं, तर एका निळ्या रॉकर आर्मचे दोन तुकडे. थर्मननं ते रुमालात गुंडाळून ठेवले. मग त्यानं डार्लाबाईंना फोन लावला.

"बाई, मी खोटं बोललो."

"सगळेच बोलतात. आता खरं सांगा."

"आईस्क्रीम खायला जातो आम्ही." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

नोरीननं फोन हिसकावला. "आणि येताना चर्चला!"

डार्लाबाई हसल्या. मग त्यांनी नीट सांगितलं, सौम्य कॅमशाफ्ट घ्या, तिच्याच मापाच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि फुगवट्यांवर टेकणारे टॅपेट घ्या. रॉकर आर्म पोलादी घ्या, तेही अशा कारखान्याचे, जो उद्या फोन केला तर उचलेल.

"निळे मिळतील?"

"राखाडी. मोडत नाहीत."

आम्ही सगळं बसवलं, इंजिन आधी हातानं फिरवून कुठं काही घासत नाही ना ते पाहिलं. आता आवाज बारीक आला, पण भरीव. ब्रेकही एका पायानं लागला.

रविवारी नवराबायको आईस्क्रीम खायला गेले. परतताना नोरीन सीटवर झोपून गेली. आजवर त्या गाडीत तिचा डोळा कधी लागला नव्हता. थर्मनला अपमान वाटावा की समाधान, हे ठरेना. शेवटी त्यानं गाडी आणखी थोडी लांबच्या रस्त्यानं नेली, आणि नोरीन इंजिनापेक्षा मोठ्यानं घोरत राहिली.