कानामागचा ठिपका

वाघाटी आणि बाऊल या दोन रानमांजरांत फरक काय, हे तुम्हाला आत्ता, या क्षणी सांगता येईल का? नाही ना? मग माझ्या मावशीच्या यजमानांच्या घरी तुम्हाला चहा मिळेल, पण खुर्ची मिळणार नाही. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत त्यांच्याइतका अचूक माणूस झाला नाही, आणि त्यांच्याइतका छळवादीही नाही.

काका अंबरनाथच्या कारखान्यात तपासनीस होते. हातात दोन टोकांचं पोलादी माप. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. पहिलं 'गो', दुसरं 'नो-गो'. आयुष्यभर त्यांनी एवढंच केलं: पास किंवा रिजेक्ट. निवृत्तीनंतर भोकं संपली, सवय उरली. दिवाळीत ते मावशीच्या करंज्या पट्टीने मोजत, त्यातल्या चार 'रिजेक्ट' म्हणून बाजूला काढत आणि त्या चारही स्वतः खात. 'अंदाजे' हा शब्द त्यांच्या घरात शिवीसारखा होता. रिक्षावाला "अंदाजे दहा मिनिटं" म्हणाला की काका उतरून चालायला लागत. मावशी म्हणायची, "मला बघायला आले तेव्हा पट्टी घरी विसरले होते, म्हणून मी पास झाले."

मांजरांचं वेड कारखान्यातच लागलं. आवारातल्या झुडपांत पहारेकऱ्याला दोनदा 'वाघाचं पिल्लू' दिसलं. काकांनी दोन्ही वेळा जाऊन पाहिलं आणि कळवलं की वाघ शून्य, मांजरं दोन, आणि तीही एका जातीची नाहीत. तेव्हापासून दर रविवारी ते कधी बारवीच्या जंगलात, तर कधी उल्हास नदीच्या काठच्या गवतात वही घेऊन बसू लागले. घरी आलेल्या पाहुण्याला ते स्वतःचा कान पुढे मुडपून दाखवत. "हे बघा, इथे मागे पांढरा ठिपका असेल तर वाघाटी. अंगावरही ठिपके, कपाळावर पांढऱ्या रेघा. आणि बाऊल? अंग साधं, मातकट. पाय लांब. कानाच्या टोकाला काळे केस, शेपूट आखूड आणि टोकाकडे काळी कडी. पिल्लांच्या अंगावर मात्र पट्टे असतात, मोठेपणी पुसले जातात. कळलं?" पाहुणा बिचारा लग्नाची पत्रिका द्यायला आलेला असे. एकदा अंबरनाथच्या एका बागेच्या भिंतीवर कुणीतरी वाघाटी रंगवली आणि तिला कान बाऊलचे दिले. काका चुना आणि ब्रश घेऊन गेले. रखवालदाराने हात धरला तेव्हा म्हणाले, "मी चित्र बिघडवत नाहीये, पास करतोय."

तुम्ही हसाल. मीही हसायचे. पण मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो, की ज्या गावांत इमारतीच्या प्रत्येक मजल्याला नाव आणि नंबर मिळतो, तिथे हजारो वर्षांच्या रहिवाशाला साधं त्याचं नाव मिळू नये! कुत्र्याएवढं काही दिसलं की वाघ, आणि वाघ म्हटलं की काठी. एवढं सोपं आहे मारणं?

मी पत्रकांवर वाढले. वडील चौदा एप्रिलची पत्रकं घरी आणत, मी ती बाराखडीच्या आधी वाचली. त्यामुळे हेंद्रेपाड्याच्या पुढे, नदीकाठच्या गवतात काकांना बाऊलची मादी आणि तीन पिल्लं दिसली, आणि इमारतींसाठी ते गवत साफ करून भराव टाकणार असं कळलं, तेव्हा मी लगेच पत्रक लिहायला बसले. दोन हजार सालानंतरची ती पाच-सहा वर्षं अशीच होती, सगळीकडे भराव. काकांनी मजकूर वाचला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"वाघाटी? अगं, ती वाघाटी नाही. बाऊल आहे बाऊल. रिजेक्ट."

"काका, 'बाऊल वाचवा' म्हटलं तर लोकांना वाटेल भांड्यांचा सेल लागलाय. 'वाघाटी'त धार आहे."

"धार सुरीला असते. शब्दाला माप असतं."

मी ऐकलं नाही. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका छापखान्यात पत्रक दिलं. मालक सिंधी, अतिशय प्रेमळ. शनिवारी गठ्ठा आणायला गेले तर 'वाघाटी वाचवा'च्या वर जबडा उघडलेला पट्टेरी वाघ!

"अरे साईं, ये क्या?"

"बेटा, बिल्ली का फोटो कौन देखता है? शेर डाला, पब्लिक रुकेगी."

पब्लिक थांबली. पुन्हा छापायला पैसे नव्हते, म्हणून रविवारी सकाळी मी बदलापूर गावात आणि हेंद्रेपाड्यात तीच पत्रकं वाटली. दहा वाजेपर्यंत गवतापाशी वीस-पंचवीस माणसं काठ्या घेऊन उभी होती. 'वाघाटी' म्हणजे वाघाची बायको, असा गावाने अर्थ लावला होता. मावशी धापा टाकत आली. "तुझाच कागद वाचून आलेत गं सगळे!"

काका बनियनवर, हातात पट्टी घेऊन गवतासमोर उभे राहिले.

"काका, बाजूला व्हा. वाघीन हाय आत," एक शेतकरीदादा म्हणाले.

"पाहिली कोणी?"

"ह्या कागदावर हाय ना!"

"कागद रिजेक्ट आहे. ज्याने डोळ्यांनी पाहिलीय त्याने पुढे या. शेपटी केवढी?"

"ही एवढी." दादांनी दोन्ही हात पसरले.

"तो अजगर झाला. पुढचा! कानामागे ठिपका होता?"

"वाघिनीच्या मागं जाऊन कान बघू व्हय?"

लोक हसले. काका एकेकाची तपासणी घेत राहिले आणि लोक आपसात भांडू लागले, शेपटी एक हात की दोन. काठ्या जमिनीला टेकल्या. मागे गवताच्या पलीकडच्या टोकाला मादी तोंडात पिल्लू धरून उतारावरून गेली. लोक भांडणात गुंतले होते, म्हणून ते फक्त मला आणि अर्धवट वळून उभ्या काकांना दिसलं. ती परत आली. दुसरं नेलं. काकांचा आवाज चढत होता, प्रश्न लांबत होते. मी मनात मोजत होते. आणखी एकच फेरी.

तेवढ्यात तिसरं पिल्लू आईला शोधत स्वतःच बाहेर आलं. अंगावर पट्टे.

"पट्टे! वाघच हाय!"

दगड कुणी मारला ते कळलं नाही. एकच होता.

नंतर सगळे जवळ येऊन पाहू लागले आणि एकमेकांना सांगू लागले, "मांजर हाय रे. मांजरच हाय." काका खाली बसले. त्यांनी पट्टी खिशात ठेवली, बोटाने पिल्लाचा कान हळूच पुढे मुडपला आणि मागे पाहिलं. घरी येऊन वहीत लिहिलं: 'बाऊल. पिल्लू. पास.' मला ते रिजेक्ट म्हणाले असते तर बरं झालं असतं.

आज त्याहून मोठा राग माझा स्वतःवर आहे. मी चुकीचा शब्द निवडला, कारण तो जास्त छान वाजत होता.

आता काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. ऑपरेशनला ते तयार नाहीत, डॉक्टर म्हणाला, "अंदाजे अर्धा तास लागेल." मावशीच्या करंज्या सगळ्याच पास होतात आणि त्याचं तिला वाईट वाटतं. रविवारी ते अजून नदीकाठी जाऊन बसतात आणि गवत हललं की शेजारून जाणाऱ्याला विचारतात, "काय होतं हो?" बहुतेक जण "मांजर असेल" म्हणून निघून जातात.

तुम्ही तसे जाऊ नका. हेंद्रेपाड्याकडून कधी नदीवर गेलात तर दगड उचलू नका, ओरडू नका, क्षणभर थांबा. कान बघा, शेपूट बघा. मग पट्टी घेऊन बसलेल्या त्या म्हाताऱ्याजवळ जा आणि जे दिसलं तेवढंच सांगा. फक्त अंदाजे सांगू नका.