हवालदाराची पाण्याची पेटी

हवालदार गेल्याचं मला पोस्टाच्या काउंटरवर कळलं. आमच्या गल्लीतला शंकर न्हावी रजिस्टरचं पाकीट घेऊन रांगेत उभा होता. तो म्हणाला, "गणूभाऊ, कळलं का? हणमंतराव हवालदार गेलं सकाळी." मी पाकिटावर शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. वाईटबिईट काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर राग आला. 'गणू, चूक माझी झाली' एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून ऐकण्यासाठी मी चार वर्षं दबा धरून बसलो होतो आणि ते न बोलताच हा माणूस निसटला होता... आज त्याला सात आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द चांगले लिहावेत असा रिवाज आहे. मी मात्र हे लिहायला बसलोय ते त्यांच्यावर सूड उगवायला. तो कसा, ते शेवटी सांगतो.

आमच्या भागातून फौजेत गेलेले पुष्कळ, पण हवालदारांची ड्यूटी वेगळी होती. पलटणीचा तळ पडला की तिथलं पाणी तपासायचं आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय कुणी घोट घ्यायचा नाही. पेन्शनीत निघून कऱ्हाडला आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा पाण्याची ती खोड त्यांच्याबरोबर आली. लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत काचा बसवून त्यांनी स्वतःच्या हाताने माशांची टाकी केली आणि पाणी तपासायला एक लाकडी पेटी जमवली. आत काचेची नळी, तिला रबरी बूच, औषधाची तपकिरी बाटली, ड्रॉपर आणि पिवळ्यापासून निळ्यापर्यंत रंग रंगवलेला एक पुठ्ठा. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे चार थेंब टाकायचे, हलवायचं आणि आलेला रंग पुठ्ठ्याशी लावून बघायचा. पिवळं आलं तर पाणी आंबट, हिरवं आलं तर झकास, निळं आलं तर क्षार जादा. गल्लीतली पोरंटोरं त्यांना पाणीवाले हवालदार म्हणायची. आणि मी, त्यांच्याहून दहाबारा वर्षांनी लहान, त्यांच्या ओट्यावर तमाखू मळत तासन् तास बसायचो.

आमचं पहिलं मूल आठव्या महिन्यात गेलं. त्यानंतर सुमन, माझी बायको, खाटेवरून उठेना. बोलेना, जेवेना, भिंतीकडे तोंड करून पडून असायची. औषधं झाली, देवाधर्माचं झालं. एक दिवस हवालदार स्वतःची धाकटी टाकी दोन्ही हातांनी छातीशी धरून आमच्या घरात आले आणि खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवून म्हणाले, "पोरी, ही चार जित्राबं तुझ्या हवाली. मला सांबाळायला जमंना." टाकीत मोली जातीचे दोन काळे मासे होते आणि पुण्याहून एस.टी.ने आणलेली एंजल माशांची जोडी. पहिले दोन दिवस सुमनने तिकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी मी पोस्टातून आलो तर ती या कुशीवर वळलेली होती. आठवड्याने तिने त्यांना नावं ठेवली, पंधरवड्याने उठून बसून भाकरी खाल्ली. हे ऋण मी मान्य करतो, नाही कोण म्हणतंय!

दर रविवारी सकाळी हवालदार पाणी बघायला यायचे आणि मला शिकवायचे. शिकवणं फौजी, म्हणजे मध्ये बोलायची सोय नाही. नळी आधी त्याच टाकीच्या पाण्याने तीनदा विसळायची. ती कधी राखेने घासायची नाही, राखेचा खार काचेला धरतो. पाणी वरचं घ्यायचं नाही, मनगटभर खालचं घ्यायचं. नळीवरच्या रेघेपर्यंत, डोळा रेघेच्या पातळीला आणून. ड्रॉपर उभा धरायचा, तिरका धरला की थेंब लहानमोठे पडतात. "बूच लावून हलवायचं, आन् शंभर अंक मोजायचं. नव्वदाला बघितलं तर ती तपासणी न्हवं, तमाशा." रंग दिवसाच्या उजेडात बघायचा, पाठीमागे पांढरा कागद धरून. पिवळ्या बल्बाखाली सगळंच हिरवं दिसतं. पुठ्ठ्याला ऊन लागू द्यायचं नाही, रंग विटतो. दर वेळी एकाच घटकेला तपासायचं, कारण वनस्पती असलेल्या टाकीत सकाळचं पाणी आणि दुपारचं पाणी सारखं नसतं. आणि नळाचं पाणी चोवीस तास उघडं ठेवल्याशिवाय टाकीत ओतायचं नाही. मी 'व्हय, व्हय' म्हणत मान हलवायचो आणि मनातल्या मनात हसायचो. चार माशांसाठी केवढा हा कारभार!

चैत्रात एंजलच्या मादीने एका रुंद पानावर अंडी घातली. सुमनने मला हाक मारली, तशी हाक मी वर्षभरात ऐकली नव्हती. ती खाटेवरून उतरून टाकीसमोर फरशीवर बसली होती आणि रडत होती, पण हे रडणं निराळं होतं. नेमके त्याच वेळी हवालदार लेकीकडे कडेगावला गेलेले. जाताना पेटी माझ्याकडे ठेवून गेले होते. म्हटलं, आता जबाबदारी आपली. तमाखूची चिमूट दाढेखाली धरली आणि कामाला लागलो. नळी विसळली, रेघेपर्यंत पाणी घेतलं, थेंब मोजले, बूच शोधत कोण बसतंय म्हणून अंगठ्याने तोंड दाबून हलवलं. गडद निळं! क्षार वाढले, अंडी जाणार. क्षार मारायला आंबट हवं, एवढं मला कळत होतं. दोन लिंबं पिळली. पुन्हा तपासलं, निळंच. आणखी दोन. निळंच. संध्याकाळपर्यंत सहा लिंबं झाली. दुसऱ्या दिवशी नर आडवा झाला, तिसऱ्या दिवशी मादी, मग मोली. अंडी पांढरीफटक पडून पानावरून सुटली. सुमन खाटेवर जाऊन पडली. पुन्हा भिंतीकडे वळली.

हवालदार परत आले, त्यांनी पाणी बघितलं तर पिवळं. "आरं, हे तर आंबट झालंय. काय घातलंस ह्यात?"

"लिंबू. तुमच्या पेटीनंच सांगितलं. त्या दिवशी निळं आन् आज पिवळं! तुमचं औषध सडलंय हवालदार. तुमच्या पेटीनं माझं मासं मारलं."

"औषध चांगलं हाय गड्या," ते म्हणाले. "कायतरी दुसरं झालंय. बघू दे मला."

बघू दिलं नाही. पेटी त्यांच्या हातात कोंबली आणि दार लावलं. त्या दिवसापासून मी त्या माणसाच्या मागे लागलो. पोस्टाचा काउंटर ही बदनामी करायला झकास जागा असते, अख्खं गाव पुढ्यातून जातं. तिकीट देता देता मी सांगायचो, हवालदाराच्या पेटीवर विसंबू नका, माझ्या बायकोचे हाल बघा. मला त्यात सुख मिळत होतं, हेही लिहून टाकतो.

पण तेवढ्यावर माझं समाधान होईना. त्या वर्षी गणपतीच्या दिवसांत सांगलीला एका शाळेच्या हॉलमध्ये घरगुती टाक्यांचं प्रदर्शन भरलं होतं. लोकांचं पाणी तपासून निकाल द्यायला हवालदारांना मानाने बोलावलेलं. मी रजा टाकली आणि जेमतेम हिंडूफिरू लागलेल्या सुमनला मुद्दाम बरोबर घेतलं. हे तिच्यासमोर व्हायला हवं होतं. ती पुढच्या खुर्चीवर बसली, तिच्या शेजारी हवालदारांची बायको. हवालदारांनी स्वतःच्या बरणीतलं पाणी तपासून दाखवलं, हिरवंगार. मी कडेला तमाखू मळत उभा होतो. चिमूट टाकली, पुढे झालो आणि म्हटलं, "आता माझ्या हातानं व्हऊ द्या." तीच बरणी, तीच नळी, तेच थेंब. त्यांनी पुढे केलेलं बूच मी बाजूला सारलं आणि अंगठा लावून सगळ्यांना दिसेल असं हलवलं. निळं! "बघा मंडळी," मी ओरडलो, "एकाच पाण्याचं दोन रंग. ह्या पेटीनं माझं घर बुडवलं."

लोक हसले. हवालदारांनी नळीकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे पाहिलं, बराच वेळ. मग सुमनकडे. त्यांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं... आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "व्हय गणू. पेटी जुनी झाली माझी." कडी लावली, पेटी काखेत मारली आणि निघून गेले. पुन्हा त्यांना पाणी बघायला कुणीही बोलावलं नाही. मी परतीच्या एस.टी.त कऱ्हाड येईपर्यंत शीळ घालत होतो.

ते गेल्यावर सुमन मातीला गेली, मी गेलो नाही. चौदाव्या दिवशी मात्र तिने ढकलूनच पाठवलं. मी ओट्यावर चढतोय तोच वहिनी, म्हणजे हवालदारांची बायको, दारात आडव्या आल्या. "भावजी, हात धुऊन या आधी. साबण ठेवलाय न्हाणीत." दुखवट्याच्या घरची रीत असेल म्हणून मी धुतले. मग त्यांनी टाकीकडे बोट केलं. "मासं मलूल झाल्यात. पाणी बघा तेवढं." पेटी तिथेच होती. नाराजीनेच नळी भरली, सवयीने अंगठा लावून हलवली, शंभर मोजले. हिरवं. औषध तर उत्तम होतं. बाहेर येऊन ओट्यावर बसलो, डबी काढली, तळहातावर चुना लावून तमाखू मळली आणि मळता मळता हात थांबला. अंगठ्याच्या पेरावर चुना पांढरा दिसत होता. तसाच आत गेलो, तसाच अंगठा लावून हलवली. निळं.

नळी हातात धरूनच मी वहिनींकडे वळलो. "हवालदारांस्नी ठावं हुतं?" मी विचारलं.

"सांगलीतच दिसलं त्येंस्नी," वहिनी म्हणाल्या. "गाडीत बसल्याव म्हणलं, गणूच्या अंगठ्याला चुना हुता. मी म्हणलं, आवं मग बोलला का न्हाई? तर म्हणलं, सुमन समोर बसलीवती. मासं नवऱ्यानंच मारलं म्हणून कळलं तर पोर पुन्हा उठायची न्हाई. पेटीनं मारलं आसू दे." त्यांनी पदराने टाकीची काच पुसली. "मला लय वाटायचं भावजी, तुमच्या दारात यून बोंब मारावी. चार वर्सं गिळलं मी. जाताना म्हणलं, मी गेल्याव पाणी गणूलाच बघाया सांग. हात धुऊन ये म्हण आधी. मग त्येचं त्यो तमाखू मळंलच."

हवालदारांनी माझा सूड असा घेतला. माफी मागायला माणूस शिल्लक ठेवला नाही. ओरडून भांडले असते, हॉलमध्ये माझा अंगठा वर करून दाखवला असता, तर मी दोन महिन्यांत निर्ढावलो असतो. त्यांनी चार वर्षं गप्प बसून माझा एकेक शब्द माझ्याच खात्यात साठवून ठेवला आणि साबण लावून हात धुवायला लावून तो मला परत केला. मी इतका चिडलोय त्यांच्यावर की रडूही येत नाही... कधीकधी येतं.

तर आता माझी पाळी. सुमनला कळू नये म्हणून त्यांनी स्वतःची अब्रू घालवली ना? मग मी ते पेपरच्या रविवारच्या पुरवणीत छापून आणतो. सांगलीच्या हॉलमध्ये होते त्याहून जास्त लोकांसमोर सांगतो, की पेटी चांगली होती, औषध चांगलं होतं आणि सुमनचे मासे मी मारले. त्यांचं गुपित मी फोडलं. याहून वाईट मी त्यांचं काही करू शकत नाही.

हवालदारांची टाकी वहिनींनी आमच्याकडे पाठवली आहे, सुमनच्या खाटेजवळच्या त्याच स्टुलावर. पेटी शेजारी. आज सकाळी पाणी तपासलं. हात दोनदा धुतले, नळी तीनदा विसळली, बूच लावलं, शंभर मोजले. हिरवं आलं. सुमन पुरवणी माझ्या आधी वाचते, शेवटच्या पानापासून. मघाशी घर झाडताना तिने विचारलं, "आवं, तुमची चुन्याची डबी कुठं दिसंना?"

म्हटलं, "रविवारी सांगतो."