कावळ्याला काय कबूल करायचं

नवऱ्याला दुसऱ्याचं हृदय बसवलं, त्या दिवसाला हॉस्पिटलात त्याचा नवा वाढदिवस म्हणतात. वर्ष होत आलं तसा केकचा विषय निघाला. सासूबाईंनी तो तिथेच मिटवला. "ज्या घरातसून काळीज इला, थंय त्या दिशी वर्षश्राद्ध आसतला." आणि त्या अनोळखी माणसासाठी पान वाढायचं त्यांनी ठरवलं.

माझी अडचण कबुतरांची होती. घाटकोपरच्या आमच्या इमारतीवर ती कायमची वस्तीला आहेत. शरीराने परकं हृदय नाकारू नये म्हणून जी औषधं देतात, ती प्रतिकारशक्तीच खाली आणतात. कबुतरांच्या विष्ठेची धूळ छातीत गेली तर नवऱ्याच्या जिवावर बेतेल. म्हणून मी ऑपरेशनआधीच खिडक्यांना जाळ्या लावल्या, कुंड्या वाटून टाकल्या, फ्रीजवर यादी चिकटवली: कच्चं नाही, उघड्यावरचं नाही, तीर्थसुद्धा नाही. पान खिडकीत ठेवायचं नाही, गच्चीवर न्यायचं, खाली आल्यावर चपला बाहेर, आंघोळ, मग घरात वावर, असं मी सांगितलं.

"ह्येच्यापेक्षा सुतक बरा," सासूबाई म्हणाल्या. पण ऐकलं.

त्या सकाळी त्या वडे तळत होत्या तेव्हा हॉस्पिटलातून फोन आला. त्याच आठवड्यात मानेच्या शिरेतून नळी घालून हृदयाचा तुकडा तपासायला काढला होता. शरीराने हृदय नाकारायला सुरुवात केली होती. आजच दाखल करा, म्हणाले.

मी नवऱ्याला आतल्या खोलीत गाठून सांगितलं. पेपर खाली ठेवत तो म्हणाला, "पण दुखत तर काहीच नाही."

"दुखणार नाही. त्याच्या नसा तोडलेल्या असतात. ते चालतं, सांगत काही नाही."

"म्हणजे माझ्यावरच गेलंय." मग कपाटातून सदरे काढत म्हणाला, "आईला आत्ता बोलू नकोस. तिचं पान होऊ दे."

गच्चीत सासूबाईंनी पान मांडलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भात, खीर. कावळा टाकीवर येऊन बसला, पण उतरेना. कबुतरं मात्र पायात यायला लागली. त्या पदराने त्यांना हाकत होत्या.

कावळा शिवला नाही तर गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ते ओळखून कुणीतरी कबूल करायचं असतं. पोरीचं लग्न करू, घर सांभाळू. सासऱ्यांच्या वेळी धाकट्या दिराची नोकरी कबूल केली होती.

"ह्येका काय सांगाचा?" त्या म्हणाल्या. "बापयो की बाईल, पोरां आसत की नाय, काय म्हायत नाय." थोडा वेळ विचार करून त्यांनी हात जोडले. "तुझा काळीज आमी सांभाळतलंव."

"आई, ते कबूल करू नका."

त्यांनी वळून पाहिलं. चेहरा सावरायला मला उशीर झाला.

"काय झाला?"

"दाखल करायचंय. आजच."

त्यांनी जोडलेले हात सोडले नाहीत. मग मीच टाकीकडे बघून, माझ्या हातात होतं तेवढं बोलले. "औषध आजवर चुकलं नाही. पुढेही चुकणार नाही."

कावळा हलला नाही. खाली रिक्षा येऊन थांबली होती. त्यांना पानाजवळ सोडून मी उतरले, आंघोळ केली, पिशवी घेतली.

वॉर्डात नवऱ्याच्या हाताला सलाईन लागल्यावर मी सासूबाईंना फोन केला. असल्या गोष्टी मी कधी विचारत नाही. विचारलं, "शिवला का?"

त्या अजून गच्चीतच होत्या. कबुतरांच्या पंखांची फडफड मला स्पष्ट ऐकू येत होती.

"शिवलो गो," त्या म्हणाल्या. "माका दिसलो."

मी फोन ठेवला. "शिवला," नवऱ्याला सांगितलं.

"कशावर राजी झाला?"

"औषधं वेळेवर देण्यावर."

सुई लावलेला हात त्याने हळूच सरळ केला.