उडीची जाळी

ट्रॅम्पोलीन हा शब्द मी म्हातारपणी नातवंडांच्या तोंडून ऐकला. आम्ही सर्कसवाले तिला जाळीच म्हणायचो. झुल्यावरून कोणी निसटला तर जीव वाचावा, हा तिचा खरा उपयोग. मी एकदा तिचा दुसराही उपयोग केला.

माहेर मूर्तिजापूरकडचं, भाजीपाल्याच्या मळ्याचं. अकोल्याला मोठ्या शेतीवाल्या घरात मला दिलं होतं. मूल होईना, म्हणून नवऱ्यानं एका दुपारी पेटीसकट बाहेर काढून आतून कडी लावली. ऊन उतरेपर्यंत मी दाराशी उभी होते. शेजाऱ्यांनी विचारलं, तर खिडकीतूनच म्हणाला की, ही बाई कोण, आपल्याला ठाऊक नाही.

माहेरी परतले, तर भावजयीलाही मी जड झाले. अमरावतीला सर्कस आली होती, तिथं स्वयंपाकाला लागले आणि हळूहळू जाळीवर उड्या मारायला शिकले. अंग हलकं होतं आणि पडायची भीती उरली नव्हती.

काही वर्षांनी आमचा तंबू अकोल्यात लागला. पुढच्या खुर्च्यांत तो बसलेला दिसला, शेजारी नवी बायको. आमचा जोकर प्रत्येक खेळात एका प्रेक्षकाला जाळीवर बोलवायचा. त्या दिवशी कोणाला बोलवायचं, ते मी सांगितलं. बायकोदेखत त्याला नाही म्हणवेना. मिशीवर हात फिरवत तो चढला.

जाळीवर शेजारच्यानं उडी घेतली की आपले पाय ठरत नाहीत. तो उठायला लागला की मी उडी घ्यायचे. तो पालथा पडायचा. फेटा सुटला. धोतर सावरू की तोल, हे त्याला कळेना. अख्खा तंबू हसत होता.

माझ्या तोंडाला रंग फासलेला असूनही त्यानं मला ओळखलं. हळूच म्हणाला, "काहून करून राहिली असं? उभं तं राहू दे."

"तुमच्या दारात मले कोणी उभं राहू देल्लं होतं?" मी म्हटलं आणि आणखी जोरानं उडी घेतली.

मालकानं शिट्टी वाजवली तेव्हाच थांबले. तो रांगत कडेला गेला.

पुढं कधीतरी मूर्तिजापूर स्टेशनावर गाडी बदलताना त्याची बायको भेटली. आमच्या सर्कशीच्या पेट्या बघून ती आपणहून जवळ आली. सांगत होती की, बाजारात आता लोक त्याला जाळीवाला म्हणतात, म्हणून तो घराबाहेर फारसा पडत नाही. सांगताना पदराआड हसली.

मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.