खो-खोचा खांब आणि कारल्याचा वेल

तमाम नाशिककरांना, पंचक्रोशीतल्या शेतकरी बंधू-भगिनींना आणि इंटरनेटवर येऊन-जाऊन असणाऱ्या सर्व सभ्य स्त्री-पुरुषांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, माझ्या व्हिडिओंच्या कारकिर्दीतली पहिली प्रसिद्धी मला मिळाली नाही. ती एका कारल्याच्या वेलाला मिळाली. जनतेने शांतता राखावी.

वेल लावला होता माझ्या वडिलांनी. त्यांना सगळे नाना म्हणायचे, म्हणून आम्हीही नानाच म्हणायचो. शहराला लागून आमचा मळा. गुलाब, शेवंती आणि उरलेल्या जागेत भाजी. पहाटे फुलं तोडायची, पाट्यांत भरायची, ती घेऊन नाना बाजारात जायचे. संध्याकाळी पिकाला पाणी भरायचं. खो-खोचे सामने नेमके संध्याकाळी. त्यामुळे नव्वदच्या दशकात मी शाळा, तालुका, जिल्हा असं करत राज्याच्या संघापर्यंत पोचले, तरी नानांनी माझा एकही सामना पाहिला नव्हता. चला म्हटलं की म्हणायचे, "पळतीस ना? मंग पळ. मी बघितलं म्हणून काय तुला तिसरा पाय फुटनार हाय?"

माझी खासियत म्हणजे खांबावरचा सूर. खो-खोच्या मैदानाच्या दोन्ही टोकांना छातीएवढ्या उंचीचे खांब असतात. पळणारी मुलगी खांबाला वळसा घालून निसटू पाहते, तेव्हा पाठलाग करणारीने एका हाताने खांब धरायचा, अख्खं अंग हवेत झोकून द्यायचं आणि दुसऱ्या हाताने तिला शिवायचं. मी सूर मारला की मैदानाभोवतीच्या बायका 'अगं बाई!' म्हणून तोंडाला पदर लावायच्या. त्या 'अगं बाई'ची मला चटक लागली होती. पुढची मुलगी साध्या हाताने बाद होत असली तरी मी सूर मारायची.

एका सामन्यात सूर मारून खाली येताना पाय वाकडा पडला आणि गुडघ्यात काहीतरी तुटलं. त्याचा आवाज मला ऐकू आला. खेळाच्या सरांनी मळ्यावर निरोप धाडला. नाना फुलांचा टेम्पो घेऊन येईपर्यंत सामना संपून लोक पांगले होते. रिकामं मैदान, एक खांब आणि त्याच्याशेजारी मातीत पडलेली मुलगी, एवढाच माझा खेळ त्यांनी पाहिला. त्यांनी मला उचललं, रिकाम्या पाट्यांच्या मध्ये निजवलं आणि दवाखाना येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

नंतरही बोलले नाहीत. गुडघा चालण्यापुरता बरा झाला. जोराने पळायला, उड्या मारायला डॉक्टरांनी मनाई केली. घरात खो-खो हा शब्दच बंद झाला. गुलाबाच्या जुड्या गुंडाळायला रद्दी यायची. तिच्यातली खेळाची पानं नाना आधी वेचून काढायचे आणि पहिल्या जुड्या त्यांतच गुंडाळून घराबाहेर घालवायचे. आई म्हणाली होती, "त्यांच्यासमोर विषय काढू नको. त्यांना वाटतं, खेळानं पोर मोडली." मला उलट सांगायचं होतं. मोडण्याआधी मी काय होते, ते तुम्ही पाहिलंच नाहीत. पण हे वडिलांना कसं सांगतात, ते मला येत नव्हतं.

लग्न झालं. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, मी अंबडच्या एका कारखान्यात सुटे भाग मोजून बाद करायच्या कामावर. दोन हजारचं दशक संपत आलं तेव्हा नवऱ्याने एक छोटा कॅमेरा घेतला आणि त्याच दिवसापासून तो स्वतःला दिग्दर्शक समजू लागला. इंटरनेटवर कुणीही आपला व्हिडिओ टाकू शकतं, हे त्यानेच मला सांगितलं. मी म्हटलं, मग मी खो-खो शिकवते. पाटीवर, म्हणजे मैदानातल्या आडव्या पट्टीवर, बसायचं कसं, उठायचं कसं, पाठीला हात लागल्यावरच 'खो' कसा म्हणायचा.

व्हिडिओ चढवायला सायबर कॅफेत जावं लागे. पडद्यावरची रेघ मुंगीच्या पावलाने सरकायची आणि शेवटाला बोटभर अंतर उरलं की वीज जायची. मी मोठ्याने म्हणायची, "अहो, तुमच्याकडची गेली वाटतं!" सगळं कॅफे नवऱ्याकडे वळून बघायचं. तो बिचारा म्हणायचा, "आम्ही फक्त तयार करतो हो."

चित्रीकरणाला जागा हवी होती. मळ्यात शेवंती काढून मोकळी झालेली एक पट्टी होती, माती भुसभुशीत. नाना परगावी गेल्याचं पाहून एका रविवारी आम्ही तिथे खो-खोचा खांब रोवला. पुढच्या रविवारी जाऊन पाहतो तर खांबाला वर बांबू बांधलेला, बांबूवरून तार ओढलेली आणि बुंध्याशी कारल्याचा वेल!

चहा पिताना नाना तक्रार करत होते. "मांडवाचा खांब कोन्या येड्यानं रवला तिथं? पार बुटका! बांबू जोडला तवा कुठं कामाचा झाला. जागा मात्र लय भारी हेरली हाय."

"मी रोवला, मामा," माझा नवरा म्हणाला. तो सासऱ्यांना मामा म्हणतो.

"तरीच," नाना म्हणाले. "नोकरदार मानूस."

त्यांना खरं सांगायचं माझं धाडस झालं नाही. मग आम्ही वेलाच्या पुढ्यात व्हिडिओ काढत राहिलो. वेल खांब चढला, बांबू चढला, फुलला, फळला. मी पुढे जीव तोडून शिकवत होते आणि खाली लोक लिहीत होते, 'ताई, कारल्याची जात कोणती?' कुणी खत विचारलं, कुणी बी मागितलं. एकाने तर लिहिलं, 'मध्ये उभ्या असलेल्या बाईंनी जरा बाजूला व्हावं.'

हसत होते मी. मग हरसूलच्या एका शाळेतल्या सरांनी लिहिलं. ते शहरात येऊन माझे व्हिडिओ पाहायचे आणि परत जाऊन मुलींकडून तसं करून घ्यायचे. 'ताई, तुमच्या मागे खांब दिसतो, पण खांबावरचा सूर दिसत नाही. आमच्या मुलींनी तो कधी पाहिलेलाच नाही.'

ते वाक्य मला जेवू देईना. ज्यांनी पाहायला हवा होता त्यांनीही पाहिलेला नव्हता.

नाना एका लग्नाला गेले, तो दिवस आम्ही धरला. मी गुडघ्याला पट्टा बांधला, वेल जमेल तेवढा एका बाजूला सारून सुतळीने बांधला. नवरा कॅमेरा धरून म्हणाला, "अगं, अजून विचार कर." मी विचार केला नाही. पळाले, खांबाला हात घातला आणि अंग झोकून दिलं.

हात वेलावरून घसरला. मी आडवी मातीत पडले. अंगावर कारली टपाटपा पडली. आणि पडल्या पडल्या मला दिसलं, बांधावर नाना उभे होते. लग्नाचा फेटा तसाच डोक्यावर. पंगतीला उशीर होता म्हणून ते न जेवताच परतले होते.

पुन्हा तेच. खांब आणि शेजारी मातीत पडलेली मुलगी. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

ते चालत आले, उकिडवे बसले आणि माझा गुडघा दोन्ही हातांनी चाचपला. "दुखतंय?"

"नाही, नाना."

मी उभी राहून, पाय झटकून दाखवला. ते खांबाकडे बघत राहिले. बुटक्या खांबाचा उलगडा तेव्हा झाला असावा. मग म्हणाले, "तवा असंच मारायचीस?"

"याच्यापेक्षा लई चांगला, नाना. तेव्हा हात सुटायचा नाही."

"मंग आता का सुटला?"

मी नुसतं वेलाकडे पाहिलं. फळांनी लगडलेला वेल होता, अजून कितीतरी तोडे निघाले असते. जिवंत, फळता वेल नानांनी आयुष्यात कधी उपटलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी फेटा काढून माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. नवरा इतका गडबडला की कॅमेरा बंद करायचं विसरला, त्यामुळे पुढचं सगळं त्या व्हिडिओत जसंच्या तसं आहे. नानांनी बुंध्याशी दोन्ही हात घातले आणि माझ्यावर ओरडले, "उभी काय राहिलीस? मी येल उपटतो, तू पुन्हा मार!"