खिडकीजवळची कॉट

माझी पत्नी मंगळवारी दुपारी वारली. ऑपरेशनला तेरा दिवस झाले होते. ऑपरेशन अपेंडिक्सचं होतं आणि ते नीट झालं होतं.

आधी तिला दाराजवळची कॉट मिळाली होती. एप्रिल महिना, वारा नाही, आणि उजेड इतका कमी की तिला वाचता येईना. वाचनालयाची कादंबरी उशाशी मिटलेली दिसायची. इस्पितळाच्या कचेरीत माझा जुना विद्यार्थी कारकून होता. एरवी मी कुणाकडे शब्द टाकत नाही, त्याच्याकडे टाकला. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळची कॉट मिळाली.

सामान हलवताना आयाबाई म्हणाल्या, “खिडकी कशाला गुरुजी? हितं दाराशीच बरं हाय की.”

“तिकडे वारा आहे.”

“व्हय, वाऱ्यासाठीच ठिवत्यात तितं.”

मला वाटलं, त्यांना पुन्हा चादर घालायचा कंटाळा आला आहे.

पत्नी म्हणाली, “शाळेत मागच्या बाकावरच्यांना पुढे आणता, आणि मला मात्र शेवटी नेऊन बसवताय.”

ड्रेसिंगची ट्रॉली सकाळी दारापासून निघायची. कोरड्या जखमा आधी, पुवाच्या शेवटी. पुवाचे पेशंट खिडकीकडे ठेवायचे, वास बाहेर जावा म्हणून. हे मला फार उशिरा कळलं. शेजारच्या बाईंच्या मांडीला गळू होतं. ते धुऊन झालं की तीच ट्रॉली, तेच हात माझ्या पत्नीकडे वळायचे.

चौथ्या दिवशी टाके लाल झाले, मग वाहू लागले. पेनिसिलीन झालं. मी दुकानातून आणलेल्या कॅप्सूल झाल्या. ताप हटेना. डॉक्टर वयाने लहान होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “बाहेरच्या जंतूंना हे औषध लागू पडतं, सर. हे वॉर्डातले आहेत. औषधातच वाढलेत.”

कादंबरीची उरलेली पानं मी तिला वाचून दाखवली. दोन दिवस ती मध्येच हुंकार देत होती. नंतर मी नुसताच वाचत राहिलो.

तिच्या दहाव्याला तो विद्यार्थी घरी आला. बराच वेळ बसला. निघताना म्हणाला, “सर, माझ्याकडून होईल तेवढं केलं.”

“केलंस,” मी म्हणालो. बाकीचं त्याला सांगितलं नाही.

कादंबरी वाचनालयात परत दिली. घरात आता मी एकटा असतो. आयाबाई रस्त्यात भेटल्या तर आम्ही दोघंही थांबतो, मग आपापल्या वाटेने जातो.